बोकडामागे कोण उभं होतं?

खैरापूरच्या लोकांनी एका बोकडाला कोतवाल म्हणून निवडलं, आणि राजा मार्तंडभूप आपल्या शब्दाला इतका पक्का, की बोकड कचेरीतल्या गादीवर बसलासुद्धा! दवंडी राजाच्याच नावानं पिटली होती: माळावर जमा, ज्याच्यामागे जास्त माणसं उभी राहतील तो कोतवाल. वास्तविक उमेदवार एकटा हैबतीच होता. भला माणूस, सगळ्यांना आवडणारा. बोकड नुसता तिथे बांधलेला होता.

कोतवालसाहेब फिर्याद्यांची उपरणी चघळायला लागले. चोर येता-जाता त्यांना मुजरा करू लागले. तेव्हा राजानं सटवाजीला बोलावलं. दवंडी पिटणारा आणि माळावर माणसं मोजणारा तोच.

"हे झालं कसं?"

"महाराज, घरोघर विचारून आलो. कासार म्हणतात, तांबट तिकडे गेले म्हणून आम्ही गेलो. साळी म्हणतात, सगळे गेल्यावर आम्हीच मागे राहिलो तर उद्या आम्हाला कोण विचारणार? हैबतीचा सख्खा भाऊही बोकडामागे होता. म्हणाला, आळी सोडून एकटा कसा राहू?"

"आणि हैबती?"

"शेवटी तोही गेला, महाराज. एकट्यानं उभं राहणं बरं दिसेना."

राजानं कपाळावर हात मारला. "मेंढरं आहेत नुसती! मी असतो तर एकटा उभा राहिलो असतो. ते काही नाही, सटवाजी. ज्यानं स्वतःच्या मनानं बोकड निवडला, असा एक तरी माणूस मला पौर्णिमेच्या आत दाखव. नाही दाखवलास तर गाढवावर बसवून तुला वेशीबाहेर काढीन."

आता सगळेच दुसऱ्याकडे बोट दाखवतात, तिथे असा माणूस आणायचा कुठून? सटवाजी घरी येऊन गाठोडं बांधायला बसला. त्याची लेक राही राजाच्या मुदपाकखान्यात वाढपीण होती. तिनं ते गाठोडं सोडलं, बापाला जेवू घातलं आणि तडक राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, उद्या दरबाराची पंगत घाला. तुमच्या माणसाचा माग तिथूनच लागेल."

राजाला माणसापेक्षा पंगतीचीच जास्त गोडी. त्यानं लगेच हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली गेली. सेनापती पहिल्या पाटावर बसले, तर पाट डुगडुगायला लागला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरची पगडी काढली, पाटाखाली सारली आणि स्वस्थ बसले. शेजारी प्रधान येऊन बसले. सेनापतींनी पगडी पाटाखाली ठेवलीय म्हणजे काहीतरी कारण असणार, असं म्हणून त्यांनीही ठेवली. मग खजिनदारांनी, मग शास्त्रीबुवांनी. हां हां म्हणता सगळी पंगत बोडकी झाली आणि चांगले सपाट बसणारे पाट डुगडुगू लागले.

रिवाजाप्रमाणे राजा सगळ्यांत शेवटी आला. पाहतो तो एकाच्याही डोक्यावर पगडी नाही! राजाला घाम फुटला. आज कसला विधी आहे की काय? आणि आपल्यालाच कसा ठाऊक नाही? विचारावं तर हसं व्हायचं. त्यानं गुपचूप मुकुट काढला, पाटाखाली सारला आणि वर बसला. मुकुटाची टोकं ती! वरणभाताचा घास घ्यायला वाकला की राजा पुढे कलंडे, तोंडात घातला की मागे.

राही तूप वाढायला आली. "महाराज, मुकुट पाटाखाली?"

"आजची रीत आहे तशी."

"कुणी घातली?"

राजानं शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी खजिनदारांकडे, खजिनदारांनी प्रधानांकडे आणि प्रधानांनी सेनापतींकडे.

"रीत कसली?" सेनापती म्हणाले. "माझा पाट डुगडुगत होता."

"तो पाट मीच मांडला होता," राही म्हणाली. "माळावरही असंच झालं, महाराज. बोकड बांधला होता तिथे तेवढी झाडाची सावली होती. तांबट आधी आले, उन्हानं भाजत होते, म्हणून सावलीत टेकले. बाकीचे त्यांना पाहून गेले. मुकुटावर बसावं असं कुणाच्या मनात होतं ते तुम्ही सांगा, म्हणजे बोकड कुणाच्या मनात होता ते मी सांगते."

राजा हसला, हसताना कलंडला आणि ताक सांडलं. पण हट्ट काही सुटेना. "पटलं. तरी माणूस कुठाय? शब्द म्हणजे शब्द."

"मग निवड पुन्हा घ्या. माळावर नको. देवडीत पडदा लावा, पडद्यामागे दोन घडे ठेवा, एक हैबतीचा, एक बोकडाचा. एकेकट्यानं आत जायचं, एका घड्यात सुपारी टाकायची आणि बाहेर यायचं."

लोकांची फार पंचाईत झाली. "आत गेल्यावर बघायचं कुणाकडे?" कासार एकमेकांना विचारत होते. पण हुकूम तो हुकूम. सगळं गाव एकेक करून आत जाऊन आलं. दरबारी गेले, सगळ्यांत शेवटी राजाही जाऊन आला.

घडे उघडले. हैबतीचा काठोकाठ भरला होता. बोकडाच्या घड्यात एकच सुपारी होती!

राहीनं ती राजापुढे धरली. "हा घ्या तुमचा माणूस. यानं कुणाकडे न बघता, स्वतःच्या मनानं बोकड निवडलाय."

"पण हा कोण?"

"नाव विचारू नका, महाराज. विचारलंत, तर पुढच्या खेपेला तो शेजाऱ्याला विचारून सुपारी टाकील."

राजा पोट धरून हसला. सटवाजीला त्यानं मानाचा शेला दिला आणि राहीला जवळ बोलावून हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. देता देता तो हळूच पुटपुटला, "तसा बोकड अगदीच वाईट नव्हता हो. तो असेपर्यंत एकही फिर्यादी माझं डोकं खायला आला नाही."

"मी नाव विचारलेलं नाही, महाराज," राही म्हणाली.

राजानं दुसऱ्या हातातलंही कडं काढून दिलं.