निळीचा पहिला सूर

फार पूर्वी एका तळ्याकाठी निळी नावाची खंड्या पक्ष्याची मुलगी राहत होती. गरुड, करकोचा आणि हंस या तिघांच्याही नामांकित विद्यापीठांत तिला प्रवेश मिळाला. नामांकित म्हणजे काय, हे कुणी विचारत नसे. सूर्य बुडायच्या आत एकाला होकार द्यायचा होता, नाहीतर तिन्ही जागा जाणार होत्या. तिघेही उत्तर घ्यायला तळ्याकाठी आले होते.

"आम्ही शंभरातले तीनच घेतो," गरुड म्हणाला.

"आम्ही दोन," करकोचा म्हणाला.

हंसाने मान उंचावली. "आम्ही एकच."

"हंसाकडे जा गं," बाबा घाईने म्हणाले. सूर्य बाभळीला टेकला होता.

निळी म्हणाली, "मला अजून मासा पकडता येत नाही. बाबा थकलेत. ते भरवायचे थांबले की मी उपाशी मरेन. मासा पकडायला कोण शिकवेल?"

हंस म्हणाला, "ज्यांना येतं त्यांनाच आम्ही घेतो. तुझे पंख बघून वाटलं, येत असेल."

"होकार दे, निळे. पुढचं पुढे बघू," बाबा कळवळले.

निळीने पाण्यात सूर मारला आणि ती रिकाम्या चोचीने वर आली. तोवर सूर्य बुडाला. तिघे उडून गेले.

"आता चारचौघांत काय सांगू मी?" बाबांनी विचारलं.

"सांगा, पहिला सूर चुकला म्हणून," निळी म्हणाली आणि दुसऱ्या सुरासाठी फांदीवर जाऊन बसली.