नीळबारव

धामणदरीत आलात की गढीच्या उताराखालची ही बारव पाहिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. जरा वाकून बघा. गढीकडच्या भिंतीत एक भेग आहे आणि भेगेखालचे दगड निळसर आहेत. तो रंग भिवरा निराळणीचा, असे सांगतात.

निराळी म्हणजे निळीत कापड रंगवणारे. भिवरा विधवा. घरात एकच लेक, कृष्णी. त्या साली जिवाजी पाटलाने तटाबाहेर, बारवेच्या बरोबर वरच्या अंगाला, संडासाचा खोल खड्डा खोदवला. भिवरा त्याला म्हणाली होती, "पाटील, हितला खडक भेगाळ हाय. घाण खाली उतरंल." पाटील हसला. गढीला पाणी आतल्या आडाचे होते.

पावसाळा सरता सरता गढीवरच्या पाहुण्याला पटकी, म्हणजे कॉलरा, झाली. मग बारवेवर पाणी भरणारी घरे एकेक करून पडू लागली. कृष्णी सकाळी आजारी पडली, दिवेलागणीला गेली. पाटील म्हणाला, देवीचा कोप.

भिवरा रडली नाही म्हणे. लेकीचे दिवस घातले आणि निळीचे भरले रांजण नेऊन तिने सगळ्यांदेखत त्या खड्ड्यात रिते केले. बाई वेडी झाली, असे लोक म्हणाले. ती बारवेच्या पायरीवर येऊन बसली. कुणाला घागर बुडवू देईना. दोन-चार दिवसांत भिंतीतल्या भेगेतून निळे पाणी पाझरू लागले. अख्खे गाव काठावर उभे होते.

गावाने पाटलाला गढीवरून खाली आणले. भिवराने तांब्या पुढे केला.

"प्या. माझी लेक हेच प्याली."

"खड्डा बुजवतो, भिवरा. चुकलो."

"बुजवालच. आधी प्या."

कुणी मध्ये पडले नाही. पाटील प्याला.

गढीलाही बारवेचेच पाणी उरावे म्हणून आतल्या आडाचा दोर गावाने त्याच दिवशी कापून नेला. पाटलाला पटकीने धरले, तशी पाटलीण भिवराच्या दारी आली. भिवराकडे नदीच्या झऱ्याचे पाणी होते.

"घोटभर द्या, बाई. घसा कोरडा पडलाय त्यांचा."

"बारव उघडीच हाय, पाटलीणबाई," भिवरा म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

पाटील तसाच गेला. खड्डा त्याच्या मुलांनी दगडमातीने भरला.

आजही धामणदरीत कुणी संडासाचा खड्डा खणला की आधी त्यात नीळ ओततात, आणि दोन-चार दिवसांनी घरधन्याला सगळ्यांसमोर बारवेचे तांब्याभर पाणी प्यावे लागते. पाण्यात निळी झाक दिसली, तर खड्डा बुजवतात. तांब्या मात्र त्याला संपवावाच लागतो.