चंपाषष्ठीचा पहिला घास

श्रीनिवांतनाथ महाराज त्या वेळी चिंचोलखेड गावी मुक्कामाला होते. गाव लहान, ओढ्याच्या अलीकडे वसलेले. वेशीतून आत शिरले की डाव्या हाताला खंडेरायाचे देऊळ लागे. देवळाच्या पायरीशी दगडात कोरलेले देवाचे कुत्रे होते, आणि त्याच्या शेजारच्या पडवीत महाराज घोंगडी टाकून बसत. कोणी आले काय, कोणी गेले काय, महाराजांना कसलीच घाई नसे. म्हणून तर लोक त्यांना निवांतनाथ म्हणू लागले. आई-वडिलांनी ठेवलेले नाव कोणी विचारले नाही आणि महाराजांनीही सांगितले नाही. भक्तजनहो, ज्यांच्यापाशी घडीभर बसले की आपलीही धावपळ थांबते, अशा सत्पुरुषांची ही हकिगत आहे. तेव्हा जरा सावरून बसा आणि मन लावून ऐका.

वेशीलगतच्या आळीत सगुणाक्का परटीण राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, पोटी मूलबाळ नाही. सकाळी ओढ्यावर गावाचे कपडे धुवायचे, येता-जाता महाराजांच्या पायांवर डोके ठेवायचे, आणि दिवस मावळायच्या आत आपल्या दोन भाकऱ्यांतली एक आळीतल्या कुत्र्यांना मोडून घालायची, हा तिचा नेम. कुत्री अकरा होती. काळ्या, पांडी, भुऱ्या, लंगडी, सगळ्यांची नावे तिनेच ठेवलेली. ती कोणाचीच नव्हती, म्हणून सगुणाक्काची झाली होती. रात्री आळीत परका माणूस शिरला तर भुंकून भुंकून जीव नकोसा करीत, पण आजवर त्यांनी कोणाच्या पोटरीला दात लावला नव्हता.

दात लावणारी कुत्री गावात होती, पण ती देशमुखांची! अमृतराव देशमुख म्हणजे गावातले बडे प्रस्थ. त्यांनी लांबून दोन कारवानी शिकारी कुत्रे आणले होते, शेरा आणि सुलतान. उंच, सडपातळ, गळ्यात पितळी फुलांचे पट्टे. पट्टे होते, पण साखळी मात्र कधी कोणी पाहिली नाही. दिवसभर दोघे गावात मोकळे उंडारत. कोणी भीतभीत म्हटलेच, "सरकार, जरा बांधून ठेवा की," तर अमृतराव मिशीवरून हात फिरवीत म्हणत, "घराणेदार जनावर आहे ते! दाव्याला बांधायला ती काय म्हैस आहे?" बायका पाण्याला जाताना वाट वाकडी करून जात, आणि अमृतरावांना वाटे की गाव आपल्याला मान देऊन बाजूला होते!

कार्तिक संपत आला होता. रखमाजी कुंभार डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन भर दुपारी देशमुखांच्या दारावरून चालला होता. मागून शेरा आला आणि त्याने रखमाजीची पोटरी धरली. पाटी खाली आली, मडक्यांच्या खापऱ्या झाल्या, आणि रखमाजी रक्ताळलेला पाय धरून रस्त्यात बसला. त्याने शेराला डोळ्यांनी पाहिले होते. पण मडक्यांची माती देशमुखांच्या तळ्यातून आणायची! चावडीवर अमृतरावांनी विचारले, "कोणतं कुत्रं होतं रे?" तेव्हा रखमाजी मान खाली घालून म्हणाला, "मागनं धरलं सरकार, दिसलं न्हाई."

"दिसायला कशाला पाहिजे?" अमृतराव गरजले. "परटीण आळीत भाकरी घालून फौज पोसतेय, तिचंच काम हे. उद्या खंडोबाची षड्रात्र बसायची, चंपाषष्ठीपर्यंत सहा दिवस. उद्याच्या उद्या सगळी भटकी कुत्री ओढ्यापार झाली पाहिजेत. आणि आमचा शब्द ऐकून ठेवा. ज्याचं कुत्रं गावात माणसाला चावलेलं आढळेल, त्यानं गाव सोडायचं. सगुणे, त्यातलं एक कुत्रं जरी वेशीत दिसलं, तरी ते तुझं आणि तू बाहेर. कळलं?"

सगुणाक्का हात जोडून म्हणाली, "सरकार, माझी कुत्री भुकत्यात, पर चावत न्हाईत."

"ऐका! कुत्र्यांची सासू जावयांची तरफदारी करतेय!" अमृतराव म्हणाले, आणि चावडी हसली. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसायला माणसे कशी तत्पर असतात, हे काय सांगायला हवे!

दुसऱ्या दिवशी डबे बडवीत, दगड मारीत लोकांनी अकराही कुत्री ओढ्यापलीकडच्या माळावर हाकलली. लंगडी कुत्री मागे राहिली, तिलाही सोडले नाही. सगुणाक्का रडत महाराजांच्या पायांशी आली. "महाराज, मुकी जनावरं हो! ती भाकरीपायी मागं येतील, आन् मला बी गाव सोडावं लागंल. ह्या वयात म्या कुठं जाऊ?"

महाराज हसले. अगदी घरचे माणूस हसावे तसे. म्हणाले, "अक्का, तू कुठंही जात नाहीस. नेम मोडू नकोस. रोज ओढा ओलांडून जा, भाकरी घाल आणि ये. पण त्यांना गावात बोलावू नकोस."

"मग ती येनार कशी?"

"त्यांना बोलवायला गाव येईल. आजपासून सहावा दिवस धर."

महाराजांचा शब्द! सगुणाक्काने डोळे पुसले आणि तिच्या मनातली भीती तिथेच संपली. रोज संध्याकाळी ती पदराखाली भाकरी घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाई. अमृतराव ओट्यावरून ओरडत, "निघाल्या का विहीणबाई?" ती हसून पुढे जाई.

आता चिंचोलखेडची एक रीत सांगायला हवी. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा असा खंडेरायाला नैवेद्य असतो, हे तुम्ही जाणताच. या गावात नैवेद्य देवाला दाखवला की त्याचा पहिला घास देवळापुढे कुत्र्याला ठेवायचा. कुत्रे देवाचे. त्याने घास खाल्ला की देव जेवला. मग भंडारा-खोबऱ्याची तळी भरायची आणि मग सहा दिवसांचे उपास सुटायचे. त्या दिवशी तोवर घरोघर कोणी तोंडात पाणीदेखील घालत नसे. ताट धरण्याचा मान देशमुखांचा. आणि गंमत पाहा, गावातली कुत्री हाकलताना हे एकाच्याही ध्यानात आले नाही! दरवर्षी कुत्री आपण होऊन येत, देवळापुढे शेपट्या हलवीत उभी राहत. जे आपोआप होते, त्याची आठवण कोणाला राहते?

चंपाषष्ठीला माथ्यावर ऊन आले. घराघरांतून भाजलेल्या वांग्यांचा वास सुटलेला. देवळापुढे सारे गाव जमले होते. अमृतरावांनी ताट घेतले, पायरी उतरले आणि इकडेतिकडे पाहिले. कुत्रे नाही!

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच ते म्हणाले, "अडलंय कुठं? आमचे शेरा-सुलतान आहेत की!" दोघांना आणले. शेराने भरीत हुंगले, शिंकला आणि तोंड फिरवले. सुलतान तर ताटाजवळही जाईना. रोज मटणावर पोसलेली जनावरे ती, वांग्याला कशी शिवतील? अमृतरावांनी चुचकारले, दटावले, रोडग्याचा तुकडा हाताने तोंडात कोंबला. शेराने तो थुंकून टाकला. मागून कोणीतरी खुदकन हसले.

मग चार गडी ताट घेऊन ओढ्यावर धावले. पण ज्यांनी दगड मारले त्यांच्याच हातून घास कोण घेईल? माणसे दिसताच कुत्री लांब माळावर पळाली. दोन तास असेच गेले. पोरे रडू लागली. अमृतरावांच्या आई सीताबाई सत्तरी ओलांडलेल्या. पाच दिवस दिवसाकाठी पेलाभर दुधावर होत्या, आणि आज तेही नाही. त्या देवळाच्या खांबाला टेकल्या आणि पाहता पाहता खाली कलंडल्या. लोकांनी पाणी आणले. म्हातारीने ओठ घट्ट मिटले. "देव जेवल्याबिगर न्हाई," एवढेच त्या पुटपुटल्या.

अमृतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. ते पडवीत धावले. "महाराज, काहीतरी करा! आई जाते माझी!"

महाराज म्हणाले, "मी काय करणार? कुत्री ज्याची, त्याला विचारा."

सारे गाव सगुणाक्काकडे वळले. ती गर्दीच्या कडेला उभी होती. अमृतरावांची गत धड गिळवेना, धड थुंकवेना अशी झाली. शेवटी ते म्हणाले, "सगुणे, बोलाव तुझी कुत्री. घास खाल्ला की हाकलून देऊ परत."

"आन् चावडीचा शब्द सरकार?"

अमृतरावांनी तोंड फिरवले. चारचौघांत दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे नाक कापल्यासारखेच. आई डोळ्यांसमोर निपचित पडलेली, तरी त्यांची जीभ रेटेना. अहंकार असा असतो भक्तजनहो, माणसाचे घर जळत असले तरी तो दारातून हलत नाही.

सगुणाक्काने एकवार सीताबाईंकडे पाहिले. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. म्या जाईन गाव सोडून. पर म्हातारं मानूस उपाशी नगं." आणि वेशीत उभी राहून तिने हाक दिली, "काळ्या! पांडे! भुऱ्या! या रं लेकरांनो!"

महाराज पडवीतून उठले. त्यांनी मूठभर भंडारा घेऊन ओढ्याच्या दिशेने उधळला आणि मोठ्याने म्हणाले, "येळकोट!"

माळावर धुरळा उठला. ओढ्याचे पाणी उडवीत कुत्री वेशीत शिरली. एक, दोन, तीन... लंगडीसुद्धा आली. लोक मोजत होते. अकरा झाली आणि मागून बारावे आले! पांढरेशुभ्र, अंगावर चिखलाचा एक थेंब नाही. ते कुत्रे गावात कोणी कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात मोकळा सुटलेला शेरा लंगडीवर झेपावला. सगुणाक्का मध्ये पडली. शेराने जबडा उघडला, बायका किंचाळल्या, अमृतराव "शेरा! शेरा!" म्हणून ओरडले. पण धन्याचा आवाज ऐकायची त्याला कधी सवय लावली होती?

महाराजांनी नुसता हात वर केला. "बस बाळा," ते म्हणाले.

काय सांगू! झेप घेतलेला तो कुत्रा सगुणाक्काच्या पायांपाशी उतरला आणि पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडून राहिला. सुलतानही त्याच्या शेजारी येऊन बसला. अमृतरावांनी ताट पुन्हा हाती घेऊन पुढे धरले. पांढरे कुत्रे शांतपणे त्यांच्यासमोर आले, त्याने पहिला घास खाल्ला आणि ते पायऱ्या चढून गाभाऱ्यात शिरले. पुजारी मागोमाग धावला. गाभाऱ्याला दुसरे दार नाही, आणि आत कुत्रेही नाही! बाहेर येऊन पाहतो तर पायरीवरच्या दगडी कुत्र्याच्या जबड्याला भरीत लागलेले, अजून वाफाळते.

"सदानंदाचा येळकोट!" साऱ्या गावाने एकच गजर केला. सीताबाईंनी डोळे उघडले, हात जोडले आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. अकरा कुत्री पंगतीला बसल्यासारखी रोडगा खाऊ लागली.

गर्दीतून रखमाजी कुंभार लंगडत पुढे आला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, म्या खोटं बोललो. मातीपायी बोललो. मला धरलं ते ह्या शेरानं. माझ्यापायी ह्या माउलीची लेकरं दगडं खात गेली!"

सगळ्यांच्या नजरा अमृतरावांवर खिळल्या. ज्याचे कुत्रे चावलेले आढळेल त्याने गाव सोडायचे, हा शब्द त्यांचा स्वतःचाच होता.

अमृतरावांनी पागोटे उतरवून महाराजांच्या पायांशी ठेवले. "महाराज, माझाच शब्द आहे. मी तो पाळीन. आईला तेवढी आजची रात्र इथं राहू द्या."

"शब्द माझ्यापुढे दिला नव्हतास," महाराज म्हणाले. "ज्या बाईपुढे दिलास, तिला विचार."

अमृतराव वळले. आयुष्यात कधी कोणापुढे न वाकलेला तो माणूस साऱ्या गावासमोर परटिणीच्या पायांवर वाकला. "सगुणाक्का, मला गावात राहू देशील का?"

सगुणाक्का चटकन मागे सरली. "अहो सरकार, ह्ये काय! उठा, उठा!" तिलाही रडू आवरेना. "एवढं करा. आपली कुत्री साखळीनं बांधा, आन् फिरवायला न्यायची तर सोता हातात धरून न्या. माझ्या लेकरांना रोज एका घरचा तुकडा मिळू द्या, भुकेलं कुत्रंच गावभर हिंडतं. जावा आता, आईसाहेबांला आधी जेवू घाला. सहा दिस झालं त्यांला."

महाराज खळखळून हसले. "ऐकलंस? एवढा सोपा न्याय तुझ्या चावडीवर कधी झाला होता का?"

अमृतरावांनी तिथेच लोहाराकडून दोन साखळ्या मागवल्या आणि आपल्या हातांनी शेरा-सुलतानच्या पट्ट्यांत अडकवल्या. मग तळी भरली आणि देवळापुढे पंगत बसली. सगुणाक्का सवयीने पार शेवटी जाऊन बसली होती. अमृतराव तिथवर गेले, तिला हाताला धरून सीताबाईंच्या शेजारी आणून बसवले, आणि कमरेत वाकून तिच्या पानावर पहिला रोडगा वाढला.