‘लीव्ह’चं मूळ

“पण सोडलं म्हणजे तू नक्की केलंस काय?” माईंनी विचारलं.

मठ माईंचाच, पण ओटा त्या स्वतः सारवत होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत शेणामातीत.

विश्राम देवस्थळी समोर उभा होता. दिवाळीपासून तो तापीकाठच्या या मठात राहत होता, पण त्याला एका जागी बसवत नव्हतं. जपाला बसला की उठायचा, नदीपर्यंत जायचा, पाण्याला न शिवता परत यायचा. आता त्याला दीक्षा हवी होती. आजच.

“नोकरी सोडली. घर सोडलं. वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांनाही बायकोच्या भरवशावर सोडून आलो. आणखी काय सोडू, माई?”

“कॉलेजात काय शिकवायचास?”

“इंग्रजी. शब्दांची मुळं शोधायची, हेच माझं काम.”

“मग सोडण्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

हा प्रांत त्याचा. आवाज आपोआप चढला.

“लीव्ह! शब्द एवढासा, अर्थ ढीगभर. गाव सोडून गेलात, लीव्ह. छत्री विसरून आलात, लीव्ह. मरताना शेत मुलाच्या नावे ठेवलंत, तेही लीव्ह. पानात भात टाकून उठलात, तरी लीव्हच. रजेलाही लीव्ह म्हणतात, पण तो शब्द वेगळ्या कुळातला. लोक उगाच घोटाळा करतात.”

“आणि याचं मूळ?”

“मुळात याचा अर्थ जाणं नव्हताच. मागे राहू देणं, असा होता. त्याच्याही मागे गेलं तर... चिकटणं. आपला लेप, आपलं लिंपणं, त्याच मुळातून...”

तो अडखळला.

माईंनी हात लांब करून त्याचं मनगट घट्ट धरलं.

...

मग हात काढून घेतला.

“सोडलं,” त्या म्हणाल्या.

मनगटावर पाची बोटं ओली उमटली होती.

विश्राम त्यांच्याकडे बघतच राहिला. कुशीवर वळवताना वडील असंच मनगट धरायचे. वाचा गेली होती त्यांची. निघाला त्या सकाळी त्याने ती बोटं एकेक करून सोडवली होती.

“माई... मी घरी जातो.”



तो पायऱ्या उतरला. घाईत चपला उलट्या पायांत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग तिथूनच वळून म्हणाला, “दीक्षा राहिलीच.”

माई पुन्हा सारवायला लागल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“जा. पण मठ इथेच सोडून जाऊ नकोस.”