पहिल्या खुर्चीचा सूर

"दम मोठा का वाजवणं मोठं, वस्ताद? एवढं एकदा सांगून टाका."

मुकुंद तांबट चपला न काढताच दारात उभा होता. हुसेन वस्ताद खाटेवर बसून क्लॅरिनेटच्या नळीतून फडकं ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता हे प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं. कृष्णाकाठच्या त्या पेठेत एक हौशी बँड होता. दिवसा कुणी भांडी घडवायचा, कुणी दाढ्या करायचा, कुणी टपाल वाटायचा, आणि संध्याकाळी सगळे देवळामागच्या पडवीत वाद्यं घेऊन जमायचे. वस्ताद त्यांना शिकवायचे. बँडची एक रीत होती. दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली, की क्लॅरिनेटवाल्यांनी एकेकाने एकच सूर धरायचा. ज्याचा सूर सगळ्यांत जास्त टिकेल, त्याची वर्षभर पहिली खुर्ची.

सतरा वर्षं ती खुर्ची मुकुंदाची होती. तिच्यावर कुणी चुकून रुमाल ठेवला, तरी हा गडी दोन दिवस गाल फुगवून बसायचा. आणि यंदा शेवंता जंगम नावाच्या शाळेतल्या बाईंनी त्याच्यापेक्षा तीन ठोके जास्त सूर धरला. बाईंना वाजवायला लागून पुरती सहा वर्षंही झाली नव्हती. मुकुंदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल.

"सतरा वर्षं नियम कोणता होता?" वस्तादांनी विचारलं.

"...हाच."

"तेव्हा नाही आलास विचारायला."

मुकुंदाचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. वर्षभरापासून त्याचा श्वास पुरेनासा झाला होता. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत बँडांची स्पर्धा असायची. यांच्या चालीच्या शेवटी सगळी वाद्यं थांबायची आणि एकट्या क्लॅरिनेटचा लांब सूर यायचा. तो पहिल्या खुर्चीचा मान. तो गेला तर मुकुंद तांबटाला पेठेत विचारतंय कोण? ही भीती त्याला आतून खात होती, बिचाऱ्याला.

भ्यालेला माणूस आवाज चढवतो. यानेही चढवला. खुर्ची मिळणार नसेल तर जत्रेला दुसरा माणूस बघा, मी चाललो, असं त्याने तोंडावर सुनावलं.

वस्तादांनी फडकं झटकलं.

"जायचं तर जा, मुकुंदा. जाण्याआधी शेवंताबाईंच्या शाळेतून एक बाकडं उचलून आण. दोघं मावतील असं."

मुकुंद चरफडला, पण वस्तादांचं काम टाळायची त्याची छाती नव्हती. भर पेठेतून तो बाकडं डोक्यावर घेऊन आला. वाटेत चार जणांनी विचारलं, काय मुकुंदराव, शाळेत नाव घातलंत की काय? पडवीत येऊन बघतो तर क्लॅरिनेटच्या दोन्ही खुर्च्या गायब. वस्तादांनी त्याला बाकड्यावर बसवलं आणि शेजारी शेवंताबाईंना.

बाईंनाही ते रुचलं नव्हतं. जिंकलेली खुर्ची अशी हातची गेलेली कुणाला आवडेल?

"मग लांब सूर कुणी धरायचा?" त्यांनी विचारलं.

"दोघांनी."

"मिळून?"

"मिळून धरलात, तर दोघांचा दम बरोबरच संपेल..."

दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग रोज तालमीत तेच व्हायचं. ज्याला आधी साधेल तो सूर बळकावायचा आणि दुसऱ्याने गप्प बसून कुढायचं. सूर होता बारा ठोक्यांचा. तेवढा मुकुंद कसाबसा ओढायचा, आणि कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवून धापा टाकायचा.

बाई ते बघत होत्या.

जत्रा आली. नदीच्या घाटावर मांडव, समोर तोबा गर्दी. चाल झोकात झाली. शेवटी सगळी वाद्यं थांबली, वस्तादांनी हात वर केला आणि मुकुंदाने झडप घालून सूर धरला.

दहा... अकरा... बारा.

हात खाली यायला हवा होता. आला नाही.

तेरा. चौदा. मुकुंदाच्या बरगड्या कळवळल्या. अजून दोन ठोके, की हजार माणसांदेखत सूर फुटणार आणि सतरा वर्षांची अब्रू धुळीला मिळणार. घाबरून त्याने शेजारी पाहिलं. सतरा वर्षांत वाजवताना त्याने शेजारी कधी पाहिलं नव्हतं.

शेवंताबाईंचा क्लॅरिनेट ओठांवर होता. छाती श्वासाने भरलेली होती. त्या त्याच्या बरगड्यांकडे बघत होत्या.

मुकुंदाने सूर सोडला.

सूर तुटला नाही. तोच होता, तसाच होता, फक्त आता तो बाईंचा होता. मुकुंदाने श्वास घेतला, पोटभर, कित्येक महिन्यांत घेतला नव्हता असा. बाईंचे खांदे वर यायला लागले तसा तो हलकेच त्यांच्या सुराखाली शिरला आणि त्या बाजूला झाल्या. मग पुन्हा त्या. पुन्हा तो.

चाळीस झाले, साठ झाले. गर्दीतला नारळवाला कोयता हातात तसाच धरून उभा राहिला. हे माणसाचं काम आहे का, असं कुणीतरी पुटपुटलं. मुकुंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सुखाने त्याला वेड लागायची पाळी आली होती. आपण आता हवा तेवढा वेळ वाजवू शकतो. अगदी हवा तेवढा!

वस्तादांचा हात खाली आला तेव्हा घाटावर टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, लोक मांडवात घुसले. नंबर कुणाचा, हे सांगायची पंचांना गरजच उरली नाही.

पंचांचे अध्यक्ष स्वतः भरजरी फेटा घेऊन पुढे आले. हा सूर ज्याने धरला त्याच्या डोक्याला मी माझ्या हाताने बांधणार, असं त्यांनी जाहीर केलं.

"बाईंना बांधा," मुकुंद म्हणाला. "सूर त्यांचा."

"अहो, काहीतरीच काय! सुरुवात तांबटकाकांची," बाई म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरल्या.

मुकुंद तीन पावलं सरला. फेटा अध्यक्षांच्या हातातच. सगळा मांडव हसायला लागला. शेवटी वैतागून ते वस्तादांकडे वळले. म्हणाले, तुम्ही तर अगदी समोर उभे होतात, तुम्हीच सांगा, कोण वाजवत होतं?

वस्तादांनी दोघांकडे पाहिलं...

"मला काय विचारता, साहेब? माझे डोळे मिटलेले होते."