बादलीतलं दूधपाणी

“बुवा, बादलीत फिनेल नव्हतंच हो! नुसतं दूधपाणी होतं... मग ह्यांना झालं काय?”

दाजीबुवांचं भार्गवकडे लक्षच नव्हतं. दारात कोसळलेल्या वेणूताईंना ते पाठीशी हात देऊन बसतं करत होते. ताईंना श्वास पुरत नव्हता. हातांची बोटं वाकडी होऊन आखडली होती.

भार्गव ओलं फडकं हातात धरून खिळल्यासारखा उभा होता. हा मठातला विद्वान शिष्य. रसायनशास्त्राची मोठी पदवी, आणि दिवसातून एकदा तरी ती कुणाला ऐकवल्याशिवाय स्वारीला जेवण जात नसे. वेणूताईंना रंगाचा, साबणाचा, उदबत्तीचा कसलाच वास सोसत नसे. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही, सासरचे नाटकं म्हणू लागले, तेव्हा बुवांनी त्यांना मठात ठेवून घेतलं आणि त्याच दिवशी धूप बंद केला.

धुपारतीचा मान भार्गवचा. तो गेला तो ह्या बाईमुळे, हे त्याच्या मनातून जाईना.

म्हणून आज त्याने बादलीभर पाण्यात थोडं दूध मिसळलं. फिनेलचं पाणी असंच पांढरं दिसतं. मग मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “ताई, फिनेलने पुसतोय हं!” ताई नाक मुरडतील, आपण खरं सांगू, सगळे हसतील, आणि संध्याकाळी धूप पेटेल, असा त्याचा हिशेब होता.

ताई हसण्यासारख्या काही पडल्या नव्हत्या.

बुवा उठले. बादली उचलून बाहेर नेली आणि लांब कुंपणापलीकडे ओतून आले.

“बुवा, अहो दूध आहे ते!”

“ताई, बादली गेली,” बुवा परत येऊन म्हणाले. “दारं सताड उघडी आहेत. माझ्याबरोबर श्वास सोडा... सावकाश... घाई नाही.”

बऱ्याच वेळाने ताईंची बोटं सुटली. त्यांनी भार्गवकडे पाहिलं.

“खरंच दूध होतं, भाऊ?”

“हो ताई.”

“मग मला वास आला तो...?” त्या बुवांकडे वळल्या. “बुवा, मी वेडी आहे का हो? असेन तर तसं सांगा. जाते मी घरी...”

बुवांनी भार्गवकडे पाहिलं.

भार्गवला ती नजर सोसवेना. “मी पहिल्यापासून सांगत होतो, बुवा,” तो म्हणाला. “बादलीत काही नव्हतं. सगळं ह्यांच्या मनातलं...”

बुवांनी त्याचा हात धरला. त्याचाच तळवा त्याच्याच छातीवर दाबून धरला.

आत नुसतं घण घातल्यासारखं चाललं होतं. ताई कोसळल्यापासून ते थांबलंच नव्हतं, आणि भार्गवला ते आत्ता कळलं. तो पांढराफटक पडला.

“केवढी धडधडतेय रे...” बुवा हळूच म्हणाले. “बादलीत काही नव्हतं ना? मग तुला कसला वास आला?”