राजाच्या नाकाचं माप

कचेरीच्या भिंतीवर राजाचं नाक चुकलं, म्हणून रायाजी चिताऱ्याचा उजवा अंगठा छाटायचा ठरला!

झालं होतं असं. कुसगिरीच्या हैबतराजाने नवी कचेरी बांधली. आत प्रजेला न्याय मिळो न मिळो, बाहेर दर्शनी भिंतीवर आपलं दर्शन घडलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. चित्र तरी केवढं? खाली हत्ती, हत्तीवर अंबारी, अंबारीत हात पुढे केलेले राजे, आणि राजांचं तोंड जमिनीपासून तीस हात उंच! म्हातारा रायाजी सहा महिने परांचीवर बसून रंगवत होता. चुनेवाली ठकू त्याला ओला गिलावा करून देत होती.

काम संपेपर्यंत राजाला कुठला दम! चढला परांचीवर. बघतो तर नाक भोपळ्याएवढं, कपाळ सुपाएवढं!

"हे माझं नाक?"

"छे छे! भलतंच मोठं!" मागून धापा टाकत आलेले दिवाणजी म्हणाले.

"सरकार, हे खालून बघायचं आहे," रायाजी म्हणाला. "उंचावरचं मोठंच काढावं लागतं. तेव्हा कुठे खालून बेताचं दिसतं."

"मला शिकवतोस? लहान कर!"

ठकूने गिलावा खरवडला, नवा दिला. रायाजीने तोंड लहान केलं. आता राजा चौकात उभा राहून बघतो, तर एवढ्या थोरल्या हत्तीवर सुपारीएवढं डोकं! शेजारी एक भाजीवाली विचारत होती, "अंबारीत माकड कशाला गं बसवलंय?"

"छे छे! भलतंच लहान!" दिवाणजी म्हणाले.

राजा लालबुंद झाला. "तीन दिवस देतो! वरून बघणारा आणि खालून बघणारा, एकानेही खोट काढता कामा नये. काढली, तर अंगठा!"

 रायाजी नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला. ठकूनेही त्या हाताकडे पाहिलं. सगळ्या मुलखातली देवळं ह्या हाताने रंगवलेली. अंगठा गेल्यावर हा माणूस जगून करील काय?

"करू की, सरकार!" ती म्हणाली.

दिवाणजी फिस्सकन हसले. "तू? जा, चुना कालव!"

"कालवते. तुम्ही मान हलवा. ज्याला जे येतं ते!"

मग ती रायाजीकडे वळून हळूच म्हणाली, "रायाबाबा, पहिलं होतं तेच तोंड काढा."

"अगं, ते भोपळ्याचं?"

"भोपळ्याचंच!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड पुरं झालं. चित्रातल्या हाताखाली भिंतीचा वीतभर कठडा पुढे आलेला होता. त्यावर ठकूने चार मुठी ज्वारी पसरली, खाली उतरली आणि परांची सोडून टाकायला लावली.

दुपारी राजा आला. वर बघितलं आणि मिशीवर हात गेला. "वा! हा मी! खालून ठीक आहे. पण परांची कुठे? आता वरून कोण बघणार?"

"बघतायत की, सरकार! ते काय!" ठकूने वर बोट केलं.

चित्रातल्या राजाच्या हाताखाली पारव्यांची झुंबड उडाली होती.

"वरून बघणारे आता एवढेच. एकाने तरी खोट काढली का, बघा!"

"पारव्यांना नाकातलं काय कळतं?" दिवाणजी ओरडले.

"एवढं कळतं, दिवाणजी, की ज्याच्या हातचं खायचं, त्याच्या नाकाचं माप काढायचं नाही. सरकारांनी स्वतः काढेपर्यंत तुम्ही तरी कधी काढलंत?"

चौकात खसखस पिकली. दिवाणजी थयथयाट करू लागले. "शिडी आणा! मी स्वतः वर जाऊन बघतो!"

"जा की! थोडे दाणे शिल्लक आहेत अजून!"

आता मात्र राजाला राहवेना. तो असा हसला की पोट धरून पायरीवर बसला! डोळे पुसत त्याने बोटातली अंगठी काढली आणि रायाजीच्या अंगठ्यात घातली. "आणि तुला गं काय हवं?"

"चुना दळायच्या घाणीला जुंपायला एक बैल द्या, सरकार."

राजाने गमतीने दिवाणजींकडे बोट केलं. "हे चालतील?"

ठकूने त्यांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"नको, सरकार. हे नुसते भोवती फिरतात. ओढत काही नाहीत!"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि हसता हसता एकाच्या जागी त्याने दोन बैल दिले.